अपरोक्ष

"अपरोक्ष म्हणजे पाठीमागे. लिही," वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला.

मुलीची पेन्सिल थांबली. शंभर वर्षांपूर्वीचं एक नाटक तिला परीक्षेला होतं आणि बाईंनी त्यातले वीस अवघड शब्द अर्थासकट पाठ करायला दिले होते. अठरा झाले होते. एकोणिसाव्यावर गाडी अडली.

"बाईंनी 'डोळ्यांसमोर' असा अर्थ सांगितलाय, बाबा."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि वाक्य वाचायला सांगितलं. तिने वाचलं. राणी म्हणते, 'माझ्या बंधूचा अवमान माझ्या अपरोक्ष झाला, आणि मी मौन राहिले.' राणी तेव्हा दरबारातच बसलेली असते, असंही मुलगी हळूच म्हणाली. मग मधेच उठून गेली असेल, असं त्याने ठणकावून सांगितलं आणि विषय मिटवला.

पाणीपुरवठा कचेरीत तो हेडक्लार्क होता. सगळे त्याला मसुदेमास्तर म्हणत. कुणाचा रजेचा अर्ज असो की साहेबाचं निरोपाचं भाषण, त्याच्या हातून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. सव्वीस वर्षं त्याने 'माझ्या अपरोक्ष फाइल हलवली गेली' असं लिहिलं होतं आणि एकाही साहेबाने त्यावर लाल रेघ मारली नव्हती. आता शाळेतली कुणी बाई त्याला शब्द शिकवणार होती!

त्याने मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. बायकोने चहा ठेवता ठेवता सुचवलं, अहो, आधी बाईंना भेटून तरी या. पण पत्र पाकिटात गेलं होतं. 'ज्यांना साध्या शब्दांचे अर्थ ठाऊक नाहीत, त्यांच्या हाती दहावीचा वर्ग देणे कितपत उचित?' हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. पंधरा दिवसांत शाळेने बाईंकडून दहावी काढून त्यांना पाचवीवर पाठवलं. कचेरीत डबा खाताना त्याने हा किस्सा दोनदा रंगवून सांगितला.

पुढच्याच आठवड्यात एका परिपत्रकातल्या शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ पाहायला त्याने कचेरीतला जाडजूड शब्दकोश उघडला. पान उलटताना नजर अडखळली. 'अपरोक्ष : प्रत्यक्ष, समक्ष, डोळ्यांदेखत.' खाली बारीक अक्षरात होतं, 'हल्ली चुकीने उलट अर्थी वापरतात.'

त्याने शब्दकोश मिटला, पुन्हा उघडला. संध्याकाळी वाचनालयात जाऊन दुसरा पाहिला. तिथेही तेच.

दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मुलीला जवळ बसवून सांगितलं, की माझं चुकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच दिवशी शाळेत शब्दकोश पाहिला होता."

"मग बोलली का नाहीस?"

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "तुम्ही पत्र देऊन आला होतात. आणि तुम्ही चिडला असतात."

सबंध कचेरीला शब्द पुरवणारा माणूस त्या रात्री दुसरं पत्र लिहायला बसला.

सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो शाळेत गेला. पाचवीच्या वर्गाबाहेर बाई भेटल्या. त्याला वाटलं होतं त्याहून लहान दिसत होत्या, त्याच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. येताना मनात तयार केलेली वाक्यं तोंडातून निघेनात.

"मी तुमच्या माघारी तुमची तक्रार केली, बाई. आणि चूक माझीच होती."

बाईंनी वर्गाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "बरेच जण तसाच वापरतात तो शब्द. मीही कॉलेजात चुकले होते." थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही आधी मला विचारलं असतंत, तर बरं झालं असतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

मुख्याध्यापकांपुढे त्याने दुसरं पत्र ठेवलं. त्यात सगळं कबूल केलं होतं. दहावी बाईंना परत द्यावी, अशी विनंतीही होती. मुख्याध्यापकांनी ते सावकाश वाचलं. वेळापत्रक आता वर्षभर बदलता येणार नाही, असं ते म्हणाले. बाई कंत्राटावर होत्या आणि पुढच्या वर्षी त्यांना न घेण्याचा निर्णयही वरून होऊन आला होता.

"पण पत्र सुरेख आहे हो," फाइलला लावत ते म्हणाले. "भाषा म्हणजे तुमचीच."

तो बाहेर पडला. अरुंद व्हरांड्यातून पाचवीची मुलं रांगेने पाणी प्यायला चालली होती आणि सगळ्यांच्या मागून बाई येत होत्या. तो भिंतीला पाठ टेकवून बाजूला झाला. मुलं एकेक करून पुढून गेली. बाईंनी जाताना ओळखीची मान हलवली आणि त्याने खाली पाहिलं. रांग वळून दिसेनाशी झाली, तरी त्याची मान वर झाली नाही.