चौथा बोल्ट

चार बोल्टांपैकी तीन काळपट, तेलाधुळीत मुरलेले, आणि चौथा… चौथा नुसताच वेगळा. डोकं थोडं मोठं, रंग पिवळसर, आटे काल कापल्यासारखे चकचकीत. त्याने तो तळहातावर घेऊन तोलला. सवयच ती. सत्तावीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानोदुकानीचे काटे तपासल्यावर हातात आलेली कुठलीही वस्तू आधी तोलली जाते, मग पाहिली जाते.

"हा कुठला?" त्याने विचारलं.

मिस्त्री कंबरेपर्यंत बॉनेटखाली वाकून जुनं गॅस्केट खरवडत होता. बाहेर येऊन त्याने काढलेला वॉटर पंप फडक्यात उचलला. "तेच सांगणार होतो, साहेब. हा पंप गाडीबरोबर आलेला नाही. मागे एकदा बदललाय कोणीतरी. एक बोल्ट तुटला असेल, हाताला लागला तो घातला. पंपही हलकाच, नाहीतर दोन वर्षांत कशाला गळतोय?"

"शक्य नाही."

"आता पंपच बोलतोय, मी काय करू?"

पंपाच्या अंगावर कोणीतरी पांढऱ्या रंगाने तारीख टाकली होती. त्यावर गळलेल्या पाण्याचा गुलाबी पापुद्रा धरला होता, तरी आकडे वाचता येत होते.

तीन लाख बारा हजार किलोमीटर चाललेली गाडी, आणि त्यातला एक किलोमीटरही आपल्या नकळत गेलेला नाही, ही त्याची खात्री. कप्प्यात वही होती. बदललेला प्रत्येक बल्बसुद्धा तिच्यात होता. त्याने पानं उलटली. त्या महिन्यात काहीच नाही. आधीच्या महिन्यात ब्रेक, नंतरच्या महिन्यात वायपर, आणि मध्ये… पण ती तारीख त्याला माहीत होती. बहिणीच्या घरी बाबा वारले, त्याच्या तिसऱ्या दिवसाची. त्या दिवशी सकाळी तो आणि बायको परत निघाले, दुपारी घरी पोचले, त्याने कुलूप काढलं, मोरीत मुंग्या झाल्या होत्या. मुंग्यासुद्धा आठवत होत्या! मुंग्या आठवतात आणि पंप आठवत नाही, असं कसं होईल?

गॅरेजबाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. फोन घ्यायला तिला वेळ लागला.

"बाबांना पोचवून आपण येत होतो, तेव्हा गाडी बंद पडली होती का गं?"

"अहो, असं काय करता? चांगले चार तास रस्त्यात होतो की. पुढून नुसती वाफ! ट्रकवाल्याने ओढत नेलं आपल्याला."

"आणि मी?"

"तुम्ही त्या गॅरेजवाल्याशेजारी स्टुलावर बसून गप्पा मारत होतात. मला तर हायसं वाटलं. तीन दिवस तोंडातून शब्द नव्हता तुमच्या."

"कसल्या गप्पा?"

"बाबांच्याच. मैदानात विटा मांडून त्यांनी तुम्हाला गाडी कशी शिकवली, तुम्ही वीट उडवलीत की ते कसे हसायचे… बरं, माणसं खोळंबलीत इथे. संध्याकाळी बोलू."

तो फोन हातात धरून उभा राहिला. विटा? बाबा कारखान्याची बस चालवायचे, आणि लहानपणी एकदा, एकदाच, त्याने त्या बसच्या स्टिअरिंगला हात लावला होता, तेव्हा मनगटावर बसलेला फटका त्याला आजही जागेसकट दाखवता आला असता. गाडी त्याला शिकवली ऑफिसच्या ड्रायव्हरने, जीपवर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या ड्रायव्हरचा बसका आवाज, दर वळणावरचे सुस्कारे… सगळं स्वच्छ. मग हे मैदान कुठलं?

बायको खोटं बोलणार नाही. तिला पाहुण्यांसमोरही थाप मारता येत नाही. म्हणजे खोटं बोललो मी. मी? एका परक्या माणसाजवळ, स्टुलावर बसून, चार तास? काट्यात शिसं भरणाऱ्या दुकानदाराला निदान ते कुठे भरलं हे तरी ठाऊक असतं; पकडला की तो बरोबर तिकडेच बघत नाही. त्याला मात्र कुठे बघायचं टाळावं हेही कळेना. आणि समजा, थाप नसेल… समजा, असेल एखादा रविवार, कारखान्यामागची मोकळी जागा, फुटलेल्या विटेचा लाल चुरा… चुरा दिसतोय खरा. पण हा आठवतोय, की आत्ता फोनवर ऐकला म्हणून दिसतोय?

"साहेब, बसा आत. सुरू करा," मिस्त्रीने हाक मारली. नवा पंप बसला होता, पट्टा चढला होता, रेडिएटरचं झाकण उघडं होतं. "टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. मध्याच्या वर गेला की ओरडा. हवा निघू दे सगळी."

पाण्यातून बुडबुडे फुटल्याचे आवाज येत होते. काटा चढला, मध्याशी आला, थांबला. काटे वाचण्यात त्याचा जन्म गेला होता, पण आज त्याला तीनदा वाकून पाहावं लागलं.

"थांबला का?"

"थांबला… वाटतं."

"वाटतं काय, साहेब? थांबला की नाही?"

"थांबला."

घराकडे गाडी शांत चालली होती, इतकी की त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. चढावर समोर भाजीची गाडी आडवी आली, त्याने वेग कमी केला, आणि त्याच्या लक्षात आलं की डावा पाय क्लचवर नुसताच टेकून आहे.

'क्लचवरचा पाय काढ रे. दमते ती.'

बाहेर कोणी बोललं नव्हतं. हे वाक्य त्याला आयुष्यभर येत होतं. पाय चुकून टेकला की यायचं, तो पाय काढायचा, आणि कोणाचं म्हणून कधी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरचं? ड्रायव्हर त्याला साहेब म्हणायचा, अहोजाहो करायचा. तो 'काढ रे' कसं म्हणेल? आणि आवाज बसका नव्हता. किंवा असेल… त्याने ऐकायचा प्रयत्न केला तसा आवाज पातळ होत गेला, मग त्याचा स्वतःचाच वाटायला लागला.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्याने पाय काढला. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर, थोडं पुढे जाऊन, मुद्दाम पुन्हा टेकवला, आणि वाट पाहत राहिला.