टर्किश टॉवेलचा ससा

मी एक जुना ससा आहे. मित्रांनो, जुना म्हणजे तीन आठवड्यांचा, पण ससा मात्र शंभर टक्के. पांढरंशुभ्र अंग, लांब कान, पोटात कप्पा, खांद्यावर टाकायला पट्टा. अख्ख्या आटपाडी तालुक्यात खांद्याला लटकणारा ससा माझ्याशिवाय दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

म्हणजे सांगत होतो. शिलाई मशीनवरून खाली उतरेपर्यंत.

मला राणीनं शिवलं. लग्नात आहेर आलेला टर्किश टॉवेल तिनं जपून ठेवला होता, तो माझं अंग झाला. तिचा नवरा धनाजी शिरवळला कंपनीत असतो. त्याचा जुना निळा शर्ट माझं अस्तर झाला. राणी मोबाइलवर व्हिडिओ बघत शिवत होती. त्यातली बाई कान लावायला निघाली आणि नेमकी रेंज गेली. पुढचं सगळं अंदाजानं झालं. एक कान डोक्यावर बसला. दुसरा कुठं गेला ते राणीला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. तो मागं, शेपटाच्या जागी होता. चेन पाठीवर हवी होती, ती पोटाखाली लागली. मला उघडलं की आतलं सगळं थेट जमिनीवर.

सासूबाई तानुबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"गाढव लय झाक झालंय," त्या म्हणाल्या.

"आत्या, ससा हाय त्यो."

"आसंल. पर शेपूट गाढवाचं हाय."

मी हादरलो. सशाला शेपूट किती असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तानुबाईंचा राग माझ्यावर नव्हता, मशीनवर होता. दोन वर्षं ते घरात जागा अडवून होतं आणि त्यावर फक्त ओले ब्लाऊज वाळत होते. "रविवारी प्रांजल येतीया इस्लामपूरास्नं," त्या म्हणाल्या. प्रांजल म्हणजे त्यांची लेक. "तवर या मशिनीनं कायतरी करून दाखवावं. न्हाईतर लेकीच्या टेम्पोत चढवून दीन."

त्या घरात राणीच्या एकटीच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, ते मशीन आणि तो टॉवेल. टॉवेलचा तर आता मी झालो होतो.

सांगलीत अक्षता मॅडमचं पर्सचं दुकान होतं. प्राण्याच्या आकाराची पर्स शिवून शनिवारी दाखवा, आवडली तर काम देते, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. सगळी भिस्त माझ्यावर. आणि माझी तर मानसुद्धा उभी राहत नव्हती.

सासरे जोतीराम यांचा जन्म मेंढरामागं गेला. त्यांनी माझा गळा चाचपला. "मान टाकलीया ह्यानं," ते म्हणाले आणि नुकतीच कातरलेली, न धुतलेली लोकर माझ्या डोक्यात ठासून भरली. मान ताठ झाली. पण अंगाला असा वास सुटला, की मी ससा आहे हे माझंच मला पटेना.

शनिवारी सकाळी राणी अंघोळीला गेली. तेवढ्यात जोतीरामांनी मला मांडीवर घेतलं, कातर काढली आणि माझ्या कानाला त्रिकोणी काप दिला. मग ढुंगणावर लाल रंगाचा पट्टा ओढला. त्यांच्या प्रत्येक मेंढराला हीच खूण असते.

राणी बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. "मामा, आवं, ह्ये काय केलंसा?"

"घरातलं जनावर सांगलीला निघालंय. गर्दीत चुकलं तर वळकायचं कुणी?"

"त्ये जनावर न्हाई, पर्स हाय."

"पर्स चुकत न्हाई व्हय?"

राणीनं मला तसंच खांद्याला अडकवलं.

अंगणात एक मेंढी बांधलेली होती. तिचं कोकरू चार दिवसांपूर्वी गेलं होतं. तिनं मला हुंगलं आणि माझं तोंड चाटायला लागली. चाटून चाटून मला ओला केला. मित्रांनो, जन्मल्यापासून मी कोण, हे मला न विचारणारी ती पहिलीच. मी कोकरू असतो तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. आम्ही निघालो तशी ती दाव्याला हिसके देत ओरडत राहिली.

एसटीत कंडक्टरनं कोकराचं तिकीट मागितलं. राणीनं त्याला माझी चेन उघडून दाखवली. कंगवा, डबा, रुमाल सगळं त्याच्या पायावर पडलं, तेव्हा कुठं त्याला पटलं.

दुकानात अक्षता मॅडमनी मला उलटासुलटा केला. "हे काय आहे?"

राणीनं माझ्या कानाकडं बघितलं. मग मागच्या कानाकडं बघितलं. "तुमाला काय पायजे, मॅडम?" ती म्हणाली.

"आणि हा काप?"

"आमच्या घरची खूण हाय. चुकलं तर घरी यावं म्हणून."

मॅडमनी त्या कापावरून बोट फिरवलं. "ही खूण सगळ्यांना पाहिजे," त्या म्हणाल्या. "मला अशी दहा अस्वलं करून द्या. वास तेवढा काढा."

राणी परतताना मला पोटाशी धरून बसली होती. अस्वल तर अस्वल.

रविवारी प्रांजलचा टेम्पो आला. तानुबाई दारातच म्हणाल्या, "मशीन मिळायची न्हाई गं. अस्वलांचं काम आलंय." प्रांजलनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग ह्ये कुत्रं कुणाचं?"

आता मी नमुना म्हणून मशीनशेजारी खिळ्याला असतो. वास जावा म्हणून मला धुतलं, तर लाल रंग टॉवेलभर उतरला. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी हातानं काही शिवलं, तर त्याला वापरा, उन्हात वाळवा, सुटलेला टाका घालून द्या. आणि 'हे काय आहे' असं त्याच्या तोंडावर विचारू नका. त्यालाही ठाऊक नसतं.

काल राणीनं पहिलं अस्वल पूर्ण केलं. कापड धरायला तानुबाई शेजारी बसल्या होत्या. अस्वलात त्यांचा पदर शिवला गेला. तानुबाई अजून त्याच साडीत, अस्वलाला जोडलेल्या बसल्या आहेत.