लिसांद्रोचा पत्ता

ओब्दुलियाबाईंना परलोकाची जितकी बारकाईने माहिती होती, तितकी डोंगरापलीकडच्या गावाचीही नव्हती. यात त्यांचा दोष नव्हता. डोंगरापलीकडे त्या आयुष्यात दोनदाच गेल्या होत्या. परलोकाच्या वेशीपर्यंत मात्र त्यांनी चाळीस वर्षांत शेकडो जीव पोहोचवले होते. बोयाका प्रांतातल्या त्या थंड उंचवट्यावर कोणी निवर्तले की घरची माणसे आधी ओब्दुलियाबाईंना बोलावीत आणि मग शवपेटी करणाऱ्या सुताराला. नऊ दिवस, रोज दुपार कलल्यावर, जपमाळ हाती घेऊन त्या मृताच्या घरी प्रार्थना सांगत आणि जमलेली मंडळी ती मागून म्हणत. नवव्या दिवशी आत्मा मार्गाला लागल्याचे त्या जाहीर करीत, आणि मग सर्वांना चीज घातलेले गरम चॉकलेट मिळे. दहाव्या दिवसापर्यंत रेंगाळण्याची त्या गावातल्या कोणत्याही आत्म्याची छाती नव्हती.

अशा बाईंचा सख्खा थोरला भाऊ, त्यांच्या मते, नरकाची वाट चालू लागला होता; आणि तीही हसतमुखाने.

एवारिस्तो त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नव्हते. पस्तीस वर्षे खेचरावर टपालाची थैली लादून त्यांनी माळामाळांवरच्या घरांना पत्रे पोहोचवली होती, आणि निवृत्त झाल्यावर विधवा बहिणीच्या घराच्या पडवीत उन्हाला बसून ते बहिणीची थट्टा करण्याचे काम पाहत होते. त्या वर्षी त्यांची मूत्रपिंडे थकली. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, की आठवड्यातून तीन दिवस यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागेल. जायला चार तास, यायला चार तास. एवारिस्तोंनी दोनच प्रश्न विचारले. हे किती दिवस चालेल, हा पहिला. अखेरपर्यंत, असे उत्तर मिळाले. बटाटा खाता येईल का, हा दुसरा. येणार नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी आपली टोपी उचलली. डॉक्टर कर्तव्यदक्ष होते. त्यांनी हेही सांगून टाकले, की असह्य यातनांतून सुटण्यासाठी सुई मागण्याची सोय देशाच्या कायद्यात आहे. त्यावर एवारिस्तो म्हणाले, "नको. मरणाला मी बोलावणं धाडणार नाही. पण ते आपण होऊन आलं, तर दाराला अडसर लावूनही बसणार नाही."

ओब्दुलियाबाई शेजारीच बसल्या होत्या. परतीच्या बसमध्ये चार तास त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि भावाला त्याच दिवशी कळून चुकले की प्रकरण गंभीर आहे.

बाईंचा हिशेब सरळ होता. उपाय असताना तो नाकारणे म्हणजे स्वतःच्या हाताने जाणे. आणि जो स्वतःच्या हाताने गेला, त्याला स्वर्गाचे दार बंद. त्यांच्या तरुणपणीच्या वृद्ध पाद्रेंनी, म्हणजे गावच्या धर्मगुरूंनी, त्यांना असेच शिकवले होते. अशा माणसासाठी नऊ दिवसांची प्रार्थना करायची नसते. हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच लागू केला होता: बावीस वर्षांपूर्वी, कुस्तोदियाबाईंच्या एकुलत्या एका मुलाने, लिसांद्रोने, स्वतःचे आयुष्य संपवले तेव्हा. त्या वेळी माता बोलवायला आली होती आणि तो नरकात गेला, त्याच्यासाठी प्रार्थना नाही, असे सांगून ओब्दुलियाबाईंनी दारातच नकार दिला होता. त्यानंतर दोघींची गाठ फक्त रविवारी, प्रार्थनामंदिराच्या दोन वेगवेगळ्या बाकांवर पडे.

आता तोच नियम घरात शिरला होता. बाईंनी स्वर्गातली आपल्या माहेरच्या कुटुंबाची बैठकसुद्धा मनात पक्की केली होती: मध्यभागी आई, तिच्या उजव्या हाताला एवारिस्तो, डाव्या हाताला आपण, आणि वडील थोडे दूर, कारण त्यांना धूम्रपानाची सवय होती. त्या बैठकीतली उजवीकडची जागा अनंतकाळ रिकामी राहणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

म्हणून त्यांनी भावाला वाचवण्याचा एकमेव मार्ग अवलंबिला: त्या गावभर सांगत सुटल्या. दुकानात, गिरणीवर, रविवारच्या प्रार्थनेनंतर, जिथे चार माणसे भेटतील तिथे त्यांनी जाहीर केले, की माझा भाऊ नरकात चालला आहे, त्याला काही सांगा.

लोकांनी सांगितले, पण भलतेच. त्या गावात एक जुनी रीत होती. कोणी शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, की शेजारीपाजारी येऊन त्याच्याजवळ आपापल्या मृतांसाठी निरोप देत. आणि इथे तर प्रत्यक्ष टपालवालाच निघाला होता. पहिल्या पंधरवड्यात पडवीत रीघ लागली. कोणाच्या काकूला कळवायचे होते की तिची शेळी अजून दूध देते. कोणाच्या वडिलांना सांगायचे होते की बांधाचा तंटा मिटला. एवारिस्तो सगळे तोंडपाठ करीत. बहिणीने सांगितलेली वार्ता पसरली तशी मात्र रीघ उलटी फिरली. बेकरीवाल्याची विधवा प्रथम आली. पुष्कळ आढेवेढे घेऊन तिने विनविले, की नवऱ्यासाठी दिलेला निरोप परत मिळाला तर बरे. तशी काही घाई नाही, पुढे कोणी वरच्या बाजूला जाणारे निघाले की त्याच्याबरोबर धाडीन.

"पस्तीस वर्षांत टपाल परत मागायला कोणी आलं नव्हतं," एवारिस्तो बहिणीला म्हणाले. "तू माझी नोकरी घालवलीस, ओब्दुलिया."

"मग शहरात चल. यंत्राला बस."

"आणि बटाटा?"

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, कुस्तोदियाबाई आल्या. बावीस वर्षांत त्या फाटकाला त्यांचा हात लागला नव्हता. अंगावर धुतलेली शाल होती, केस पाण्याने चापून बसवले होते. ओब्दुलियाबाई आत बटाटे सोलत होत्या. खिडकी उघडी होती, आणि खिडकीबाहेरच पडवी.

"ओब्दुलियाबाई सांगतात ते खरं का हो?" कुस्तोदियाबाईंनी विचारले. "तुम्ही खाली चाललात?"

"ती म्हणते खरी," एवारिस्तो म्हणाले. "तिकडचं तिला जास्त कळतं."

"मग माझा एक निरोप न्याल का? इतकी वर्षं मला माणूसच मिळालं नाही. गावात जो तो मरतो, तो सरळ वर जातो. माझ्या पोराकडे जाणारं कोणी निघालंच नाही." त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "तुम्ही पहिलेच."

आत बाईंच्या हातातली सुरी थांबली.

एवारिस्तोंना थट्टेवाचून उत्तर देता येत नसे, अशी गावाची समजूत होती. ती त्या दिवशी खोटी ठरली. त्यांनी फक्त निरोप काय म्हणून विचारले.

"त्याला सांगा, चिखलाचे बूट घरात आणलेस म्हणून मी त्या दिवशी सकाळी बोलले, ते काही मनातलं नव्हतं. मी रोजच बोलायचे. बूट पुसून ठेवलेत म्हणावं. अजून आहेत."

"एवढंच?"

"एवढंच."

एवारिस्तोंनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. निरोप पोहोचवायला आपली ना नाही, असे ते म्हणाले. पण पत्ता नीट नसलेले टपाल आपण कधी घेतलेले नाही. लिसांद्रो खाली आहे, हे कोणी सांगितले? कुस्तोदियाबाई सभ्य होत्या. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. केवळ खिडकीकडे पाहिले.

"ओब्दुलिया," भाऊ आवाज चढवून म्हणाले, "जरा बाहेर ये. पत्त्याची अडचण आहे."

बाई बाहेर आल्या. बावीस वर्षांपूर्वी जे वाक्य त्यांनी याच दारात, याच स्त्रीला, न अडखळता सांगितले होते, ते आज त्यांच्या जिभेवर येईना. समोर बसलेली माता डोळ्यांत आशा घेऊन त्यांच्याकडे पाहत होती. आपला मुलगा नरकातच आहे ना, एवढी खात्री मिळावी, म्हणजे निरोप तरी जाईल, अशी ती आशा होती. असली आशा ओब्दुलियाबाईंनी कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिली नव्हती, आणि ती तिथे कोणी आणून ठेवली हे त्यांना ठाऊक होते.

"पाद्रेंना विचारून सांगते," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि कमरेला बांधलेल्या फडक्यासकट चालू लागल्या.

पाद्रे बाउदिलिओ प्रार्थनामंदिरामागच्या हौदावर आपले मोजे धूत होते. ते पन्नाशीचे, शांत स्वभावाचे गृहस्थ होते आणि ओब्दुलियाबाईंना थोडे घाबरत. बाईंनी आधी भावाचे विचारले. पाद्रेंनी मोजे पिळून दगडावर पसरले आणि सावकाश समजावले. जीव घेण्यासाठी सुई टोचून घेणे चर्चला मान्य नाही, मग कायदा काहीही म्हणो. आणि एवारिस्तोंनी तर ती मागितलीही नाही. पण देह थकून गेला असता, झेपणार नाही असे यंत्र नको म्हणणे, हे आत्मघात नव्हे. घरी राहून, वेदनेवर औषध घेत, प्रार्थना करीत, वेळ येईल तेव्हा जाणे, यात पाप नाही.

हे ऐकून बाईंना हायसे वाटायला हवे होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला त्याला थांबवता येणार नाही?"

"नरकाची भीती घालून नाही."

बाई हौदाच्या काठावर बसल्या. भावाच्या आत्म्याची जी चिंता त्या महिनाभर गावभर मिरवीत होत्या, तिच्याखाली दुसरेच काहीतरी दडले होते. पडवीतली ती खुर्ची रिकामी झाली तर आपली थट्टा कोण करणार, एवढीच ती साधी गोष्ट होती. ती त्यांनी पाद्रेंना सांगितली नाही. त्यांनी लिसांद्रोचे विचारले.

"चर्चने आजवर स्वर्गात पोहोचलेल्या कितीतरी माणसांची नावं जाहीर केलीत, बाई," पाद्रे म्हणाले. "नरकात गेलेल्या एकाचंही नाव केलेलं नाही. तशी यादीच नाही."

"मी केलं होतं एक."

पाद्रेंनी दगडावरचा एक मोजा उलटवला. मग म्हणाले, "जीव देणं बरोबर नाहीच. पण मन आजारी पडलं, की माणसाची स्वतःवर पूर्ण सत्ता राहत नाही. शेवटच्या घटकेला त्या पोराचं आणि देवाचं काय बोलणं झालं, ते ऐकायला तिथे ना तुम्ही होता, ना मी. म्हणून चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. आशा सोडत नाही."

"आमच्या जुन्या पाद्रेंनी असं सांगितलं नव्हतं."

"ती रीत कडक होती. बदलून चाळीस वर्षं होऊन गेली."

ही गोष्ट ओब्दुलियाबाईंना आजवर कोणी कळवली नव्हती. त्यांना धर्मातले काही कळवण्याचे धाडस गावात कोणी करीत नसे, हेच त्याचे कारण.

तिथून त्या स्वतःच्या घरी न जाता कुस्तोदियाबाईंच्या घरी गेल्या. कुस्तोदियाबाई अद्याप परतल्या नव्हत्या. त्यांच्या फाटकापाशी बाई उभ्या राहिल्या. दाराशेजारी, छपराखाली, एक बुटांचा जोड होता. चामडे जुने होते, पण त्यावर धुळीचा कण नव्हता. कुस्तोदियाबाई आल्या तेव्हा दोघींनी त्या बुटांकडे पाहणे टाळले.

"उद्या चार वाजता येते," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "नऊ दिवस."

"बावीस वर्षं उशीर झाला."

"हो."

कुस्तोदियाबाईंनी फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. "घरात चॉकलेट नाही," त्या म्हणाल्या.

"मी आणते. चीजही आणते."

नऊही दिवस एवारिस्तोंना शेजाऱ्याच्या बटाट्याच्या गाडीतून तिथे नेण्यात आले. वाहन आपल्याला साजेसे आहे, असे ते म्हणत. पाय सुजले होते, आवाज खोल गेला होता, तरी बहिणीने प्रार्थनेतली एक ओळ गाळली तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष घसा खाकरला. पहिल्या दिवशी सहाच माणसे होती. बाईंनी दुकानात, गिरणीवर, जिथे चार माणसे भेटतील तिथे, आपण चुकलो असे सांगायला सुरुवात केली. ते ऐकण्यासाठी काहीजण गिरणीवर दोनदोनदा दळण घेऊन गेले. नवव्या दिवशी अंगण भरले होते. ओब्दुलियाबाईंनी शेवटची प्रार्थना सांगितली. पण आत्मा मार्गाला लागला, असे नेहमीसारखे ठणकावून जाहीर केले नाही. लिसांद्रो देवाच्या हाती आहे, आणि देव त्याला जवळ करील अशी आशा आपण सगळे करू, एवढेच त्या म्हणाल्या. मग त्या भावापाशी आल्या.

"पत्ता लिहून घे, दादा."

"सांग."

"आईच्या शेजारी विचार. चिखलाचे बूट घेऊन घरात शिरणाऱ्या पोरांना ती आधी रागवायची आणि मग जेवायला वाढायची. तो तिथेच सापडेल."

एवारिस्तोंनी कुस्तोदियाबाईंकडे वळून टोपीला हात लावला. टपाल स्वीकारल्याची ती त्यांची जुनी खूण होती. कुस्तोदियाबाईंनी मान हलवली आणि चॉकलेटचे पेले भरायला त्या आत गेल्या. तोवर बेकरीवाल्याची विधवा हळूच जवळ सरकली होती. तिला आपला निरोप पुन्हा द्यायचा होता. रांगेत या, असे तिला सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओब्दुलियाबाई पडवीत भावाच्या समोर बसल्या. त्यांच्या हातात ताटली होती, आणि ताटलीत उकडलेला, सालीसकट, वर मिठाचे दोन खडे असलेला एक बटाटा.

एवारिस्तोंनी बटाट्याकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. "हा खाल्ला तर आत्महत्या होईल का? पाद्रेंना एकदा विचारून येतेस?"

बाईंनी ताटली त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि साल निघावी म्हणून बटाट्याला मधोमध चीर पाडली.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर खा. आणि आईला सांग, माझी डावीकडची जागा धरून ठेव म्हणावं."

"दिलेत निरोप सगळ्यांनी, तूच राहिली होतीस," एवारिस्तो म्हणाले, आणि बटाट्यावर फुंकर घालू लागले.