शालिकरामांच्या हातचा कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. हल्लीच्या प्लास्टिकच्या कूलरसारखा हलका नव्हे, चांगला जाड पत्र्याचा. माझा जन्म नागपुरात, हुडकेश्वरच्या एका शेडमध्ये झाला. शालिकराम पत्रा कापत, वाकवत. त्यांची पत्नी रोशनी रंग देई. होळी आटोपली की शेडसमोर गिऱ्हाइकांची गर्दी व्हायची.

मला कामिनीताईंनी घरी नेले. बाहेर डांबर वितळत असताना त्यांचे सासरे मनोहरराव माझ्यासमोर खाट टाकून गाढ झोपत. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत ते मला थाप मारत. तेव्हा माझी वाळ्याची ताटी पाण्याने भिजण्याआधीच मला गारवा वाटे.

पुढे जे घडले त्यात माझी काही चूक नव्हती, शालिकरामांचीही नव्हती. कुठेतरी दूर पत्र्याचे भाव चढले. परदेशातून कूलरच्या स्वस्त मोटर आल्या आणि माझी मोटर बनवणारा कारखाना बंद पडला. मोठ्या दुकानांत हप्त्यांवर एसी मिळू लागले. ज्यांनी हे ठरवले, त्यांना आमच्या शेडचा पत्ताही ठाऊक नसेल.

यंदा ऐन मे महिन्यात माझी मोटर जळाली. मनोहररावांचा जीव कासावीस झाला. कामिनीताईंनी घाईघाईने एसी मागवला. तो बसवायला दुकानाचा निळा शर्ट घातलेला एक माणूस आला. मित्रांनो, ते शालिकराम होते!

त्यांनी मला लगेच ओळखले. माझ्या कोपऱ्यावरच्या जोडावरून बोट फिरवले.

"भाऊ, हाच दुरुस्त नाही का होणार?" कामिनीताईंनी विचारले.

"मोटर भेटत नाही जी ताई. या मापाची आता कोणी बनवूनच नाही राहिलं."

मनोहररावांनीही त्यांना ओळखले. ते खाटेवरून म्हणाले, "काहून गा, तूच बनवला न याले?"

"मीच बनवला, बाबूजी. हात अजून चालतात. पण नुसत्या हातानं काय होते?"

"अन् तुही शेड?"

"तिथं आता एसीचं गोदाम आहे. त्याइच्याचकडे लागलो मी."

मग त्यांनी पाना काढला. ज्या हातांनी मला जोडले, त्याच हातांनी मला खिडकीतून सोडवले. मला ओरडावेसे वाटले. पण मोटर जळालेल्या कूलरला आवाज कुठला? खोली गार झाली. मनोहररावांना झोप लागली. त्या झोपेवर मी कसा रागावणार?

आता मी मागच्या अंगणात आहे. भंगारवाला उद्या येणार, असे कामिनीताई सांगत होत्या.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. ते तुमच्याही हातात नाही. पण तुमच्या गल्लीत मोडलेले नीट करणारा एखादा माणूस अजून बसत असेल, तर त्याला हाक मारा. हाक येईनाशी झाली, की तोही एक दिवस निळा शर्ट घालून निघून जातो.