डाव्या बाजूची जाळी

चैतन्यनं मोटरसायकल सजवून आणली, तेव्हा डाव्या बाजूची जाळी गेलीय हे सूर्यकांतरावांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्रभाबाई खाली उतरल्या आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अहो, मी बसायचं कुठं?"

चैतन्य त्यांचा मुलगा, नोएडात नोकरीला. वडिलांची एकसष्टी म्हणून त्यानं हौसेनं खर्च केला होता. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पेट्या, पुढं धुक्यातले पिवळे दिवे, हँडलवर मोबाइलचा स्टँड. वर खांद्याला आणि कोपराला कडक पॅड असलेलं जाकीट. पण पेटीच्या चौकटीला जागा व्हावी म्हणून साडी चाकात जाऊ नये यासाठीची जाळी निघाली होती, आणि तिच्याबरोबर खालची पाय ठेवायची रुंद पट्टीही. चंद्रप्रभाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाय पलीकडे टाकून बसणं त्यांना जमत नव्हतं. त्या एका अंगानं बसायच्या, पट्टीवर पाय टेकवायच्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. मग गाडी निघायची.

त्यातून आज भोंडला होता, नोएडात एका सोसायटीत. सगळी गाणी चंद्रप्रभाबाईंनाच येत. बाकीच्या बायका दोन ओळी म्हणून एकमेकींची तोंडं बघत बसत.

"मी कॅबनं जाते," त्या म्हणाल्या.

"काही कॅब नको. संध्याकाळपर्यंत जाळी लावून आणतो."

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरात सूर्यकांतरावांवाचून काहीच अडत नव्हतं. भाजी दारात यायची, बिलं मोबाइलवर भरली जायची. 'अहो, सोडता का?' एवढा एकच प्रश्न त्यांच्या वाट्याला उरला होता, आणि तो एकदा कॅबकडे गेला की परत येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी मुलाला फोन लावला.

"बाबा, दुकानवाला म्हणाला काढावी लागेल. मी म्हटलं, चलो, काढ."

"आता कुठं आहे ती?"

"भंगारात गेली असेल. यार बाबा, साडीची जाळी आता कोण लावतं? आईला मी कॅब बुक करून देतो ना."

"कॅब मलाही बुक करता येते," असं म्हणून सूर्यकांतरावांनी फोन ठेवला. खरं तर येत नव्हती.

गाझियाबादहून दिल्लीत करोलबागेपर्यंत सूर्यकांतराव ते जाकीट घालून गेले, कारण पोरानं बजावलं होतं. आश्विनातलं ऊन, आत घामाच्या धारा. तिथल्या गल्लीत मोटरसायकलला काय लावता येत नाही ते विचारावं. शिंगांचं हेल्मेट होतं, पेट्रोलच्या टाकीवर चिकटवायचा वाघ होता. जाळी नव्हती.

"अंकलजी, जाली छोड़ो, ये बैकरेस्ट देखो. आंटी सोफे की तरह बैठेंगी."

"आंटी टेढ़ी बैठती है."

"तो आंटी को सीधा बैठना सिखाओ ना."

पुढच्या दुकानात म्हणाले, मॉडेल बंद झालं, मागवावी लागेल, दसऱ्यानंतर या. त्याच्या पुढच्यानं पावसाळी मोजे दाखवले. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा एकाच्या पोटमाळ्यावर दुसऱ्याच गाडीची जाळी सापडली, पट्टीसकट. ती चैतन्यच्या एवढ्या मोठ्या पेटीतही मावेना. शेवटी मागच्या सीटवर दोरीनं बांधून आणली.

घराजवळच्या मेकॅनिकनं ती गाडीला लावून बघितली आणि मान हलवली. "या तो डिब्बा, या जाली."

"इधर का डिब्बा निकालो."

"एक तरफ डिब्बा, एक तरफ जाली? ऐसे कौन चलाता है?"

"मैं चलाता हूँ."

भोकं जुळेनात, पट्टी वाकवावी लागली. तेवढ्यात चंद्रप्रभाबाईंचा फोन आला. "अहो, गिरिजा गाडी घेऊन आलीय. मी निघते तिच्याबरोबर."

"पाच मिनिटं थांब."

"सकाळपासून पाचच मिनिटं चाललीत तुमची. भोंडला थांबायचा नाही."

जाळी घट्ट झाल्यावर घराकडे न वळता सूर्यकांतराव सरळ नोएडाला निघाले.

फाटकावरच्या गार्डनं काळी पेटी बघून हात आडवा केला. "भैया, डिलिवरी पीछे के गेट से."

सूर्यकांतरावांनी हेल्मेट काढून पांढरे केस दाखवले. "बीवी को लेने आया हूँ."

बायका बाहेर आल्या तेव्हा नुकतं अंधारलं होतं. शेजारची गिरिजा किल्ली फिरवत म्हणाली, "काकू, काका उगाच आले. मी सोडतेच आहे ना."

चंद्रप्रभाबाईंच्या हातात खिरापतीचा रिकामा डबा होता. त्यांनी गाडीकडे पाहिलं. "हे काय, एकाच बाजूला पेटी? एक कान कापल्यासारखी दिसतेय."

"दिसू दे."

त्यांनी पट्टीवर पाय ठेवून दाबून बघितला. "उंच झालीय. गुडघा दुखेल."

"कळलं मला. उद्या परत वाकवून आणतो."

त्या मागं वळल्या. "गिरिजा, तू हो पुढे," म्हणाल्या. डबा पेटीत टाकला, अंबाडा सैल करून हेल्मेट चढवलं, आणि कण्हत का होईना, बसल्या.

सूर्यकांतराव वाट बघत राहिले. इंजिन घुरघुरत होतं. मागं काही हालचाल नाही.

"बसलीस ना?"

"अहो, केव्हाची थापटतेय. झोपलात की काय?"

त्यांनी खांद्यावरचा तो कडक पॅड बोटानं वाजवून पाहिला. मग इंजिन बंद केलं, बायकोला उतरवलं, स्वतः उतरले. घामानं अंगाला चिकटलेलं जाकीट ओढून काढलं आणि डब्याशेजारी कोंबलं. पेटीचं झाकण मात्र छान बसलं, तेवढीच ती उपयोगी पडली. रविवारी चैतन्य येईल, दुसरी पेटी कुठंय म्हणून विचारेल. विचारू दे.

"आता काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. बस."

ओल्या सदऱ्यावर दोन थापा पडल्या, जरा जोरातच. सूर्यकांतरावांनी गिअर टाकला.