पायांवर पाणी

झुंबरबाईने पाखऱ्याच्या गळ्यातले जुने दावे सोडले आणि खुंटीला अडकवले. जनावर विकावे, दावे विकू नये. रंगराव व्यापाऱ्याने आपले कोरे दावे बांधले, तरी भरात आलेला तो गोऱ्हा कसा शहाण्यासारखा उभा! आपल्याला कुठे धाडताहेत, त्याला काय ठाऊक?

बाईला तरी कुठे ठाऊक होते? मेहकरकडचा कुणी शेतकरी असेल, या भरवशावर तिने शब्द दिला होता. आता रंगराव म्हणत होता, गोऱ्हा फार दूर जायचा.

"दूर म्हंजे किती दूर, रंगरावदादा?"

"मलकापुरातून रेल्वेनं मुंबई. मंग जहाज. पान्यावर तरंगनारा चार मजली गोठाच समज, माय! कित्येक दिवस किनारा दिसत नाही. समुद्रापल्याडच्या लोकायले त्यायच्या गाईंसाठी वळू पायजे."

झुंबरबाईचा हात तोंडावर गेला. तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे लोणारचे खारे तळे. तेवढ्यानेच ती थक्क झाली होती. आणि गाय मेल्यावर जो तिच्या बोटाने दूध प्यायला, तो हा पाखऱ्या समुद्र पाहणार!

"तेही पानी खारं?"

"हाव. तोंडात धरवत नाही."

"वाटंत एखादं मेलं तं?"

रंगराव लबाड नव्हता. त्याने मान खाली घातली.

"समुद्रातच लोटतात."

बाई बराच वेळ पाखऱ्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी कुरवाळत राहिली.

"अन् पोचल्यावर याच्या पायावर पानी कोन घालीन?"

विकत घेतलेले जनावर दारात आले की घरधनीण त्याच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, भाकरीचा तुकडा ओवाळते. तेव्हापासून ते त्या घरचे. रंगरावच्या घरीही हीच रीत होती.

"तिकडं असं नसते, माय."

"मंग त्या बाईच्या वाटचं मलेच करावं लागन."

ती तांब्या, कुंकू आणि भाकरी घेऊन आली. उंबऱ्यापाशीच एकेका खुरावर तिने सावकाश पाणी घातले. कपाळाला कुंकू लावले, तुकडा ओवाळून टाकला. डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत.

मागे वळली, तर रंगराव वहाणा काढून उभा. हातातले दावे सैल.

"माय, हा तं आता तुह्याच घरी आला."

झुंबरबाईने ओल्या उंबऱ्याकडे पाहिले, मग रिकाम्या तांब्याकडे.

"आता बया! मह्या ध्यानातच नाही आलं. शब्द देला होता मी, दादा."

रंगरावने आपल्या दाव्याची गाठ सोडली आणि दावे खांद्यावर टाकले.

"खुंटीवरचं आन," तो म्हणाला.