चाळीस पानांचा डाव

पोपटला पत्ते येत नव्हते असं नाही. गावी, गागोद्यात, गणपतीच्या जागरणाला झब्बू खेळून त्याने भल्याभल्यांना रडवलं होतं. पण एकट्याने पत्ते खेळायचे, हे त्याला कधी पटलं नाही. हरवायला समोर कोणी नाही, मग खेळायचं कशाला? बायकोच्या, श्यामलाच्या, त्या पेशन्सच्या डावाला तो छत्तीस वर्षं हसत आला होता. आणि आता रोज संध्याकाळी पाच वाजता, रोह्याच्या घरात चटईवर मांडी ठोकून, तोच डाव मांडत होता.

कारण सरळ होतं. दीड वर्षापूर्वी श्यामला पेणला आईकडे गेली, पंधरा दिवसांसाठी. माईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण माई काही उठल्या नाहीत, आणि ते पंधरा दिवस अजून संपले नव्हते. पेण म्हणजे काही परदेश नाही, रोह्याहून गाडीने तासाभराची वाट. पण माईंच्या घराचा उंबरा पोपटसाठी नव्हता. शिक्षकांच्या घरातली मुलगी एका भातशेतीवाल्याच्या, धाटावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या मुलाबरोबर निघून गेली, हे माईंना कधी पचलं नाही. श्यामलाचे वडील गेल्यावर त्यांनी मुलीला घरात घेतलं, जावयाचं मात्र नावसुद्धा तोंडातून काढलं नाही. पोपटही तसलाच मानी. बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणजे नाही. महिन्यातून एकदा नवराबायको पेणच्या एसटी स्टँडवर भेटत. तो वालाची पिशवी द्यायचा, ती त्याच्या गोळ्या द्यायची, आणि माईंजवळ शेजारणीला बसवून आलेली असल्यामुळे वीस मिनिटांत परत फिरायची.

फोनवर तर आणखीच पंचाईत. "जेवलात?" "जेवलो." "गोळी?" "घेतली." संपलं बोलणं. जन्मभर एका घरात राहिलेल्या माणसांना बोलायचं तर समोर बसून भाजी तरी निवडावी लागते. एकदा असाच फोन ठेवायची वेळ आली, तेव्हा पोपट घाईघाईने म्हणाला, "तुजं ते पत्तं हायत ना कपाटात, ते कसं खेळतात गो?"

तिने शिकवलं. दोन कॅट एकत्र पिसायचे. दहा रांगा, प्रत्येकीत चार पानं, सगळी उघडी; झाली चाळीस. उरलेली गड्डी पालथी. एक्के मिळतील तसे वर काढायचे आणि त्यांच्यावर चढत जायचं, किलवरवर किलवर, बदामवर बदाम, थेट राजापर्यंत. खाली रांगांत मात्र उतरत यायचं, बदाम नव्वीवर बदाम अठ्ठीच. एका वेळी एकच पान हलवायचं, तेही रांगेच्या टोकाचं. रांग रिकामी झाली तर तिथे हवं ते पान ठेवा. काहीच हलेना, तर गड्डीतलं एक पान उघडा. बसलं तर ठीक, नाहीतर ते बाजूच्या ढिगावर. गड्डी एकदाच फिरते.

"आन् अडला तं?"

"अडला तर अडला. एका दिवसात एकच डाव, माईचा नियम आहे. मला हा तिनेच शिकवला."

तेव्हापासून पोपट रोज पानं मांडून वाचून दाखवायचा, श्यामला ती वहीत उतरवायची, आणि रोह्याचा डाव पेणहून चालायचा. हात मोकळे राहावेत म्हणून ती फोन स्पीकरवर टाकून माईंच्या पलंगावर ठेवायची. माई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. खेळता खेळता सगळं निघायचं, नळाचं पाणी, लेक ऋजुताचा नवा फ्लॅट, शेजाऱ्याची भांडणं. पोपट दिवस ढकलायचा तो या तासासाठी. त्याला पत्ते नको होते, बायको हवी होती, चटईच्या पलीकडे बसलेली, "अहो, ते पान दिसत नाही का" म्हणणारी. हे त्रेसष्टाव्या वर्षी सांगायचं कोणाला?

डाव बहुतेक वेळा अडायचाच, आणि अडला की फोन बंद. मग पोपट हळू खेळायला शिकला. कधी चष्मा सापडायचा नाही, कधी पान वाऱ्याने उडायचं. चाल दिसली तरी तो लगेच सांगायचा नाही.

त्या मंगळवारी मात्र डाव इतका सरळ चालला की पोपट घाबरला. साडेपाचलाच गड्डी संपली. चार रांगा रिकाम्या. वर किलवरच्या एक्क्यावर छक्कीपर्यंत पानं चढलेली, आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला किलवरची सत्ती. ती वर गेली की मागोमाग सगळी पानं धावत सुटणार, आणि दोन मिनिटांत डाव पुरा.

"काही दिसतंय का?" श्यामलाने विचारलं.

"नाय गो. कायच हालत नाय."

"मलाही वहीत काही दिसत नाही. बघा सावकाश."

पोपट चष्मा पुसत बसला, पलीकडे वहीची पानं उलटत राहिली. बराच वेळ.

"तिसरी रांग. किलवरची सत्ती."

आवाज श्यामलाचा नव्हता. खरखरीत, पण शाळेत ऐकू यावा तसा स्वच्छ होता. माई बोलत होत्या.

"दहा मिनिटं झाली ती सत्ती उघडी पडली आहे. श्यामला, तुझ्या वहीत ती नाही का? रोज ऐकते आहे मी. काल बदाम गुलाम, परवा चौकट तिर्री. असला खेळ मी शिकवला होता तुला?"

पोपट हबकला. बदाम गुलाम त्याने दडवला होता, ते खरं. पण चौकटची तिर्री? ती त्याला खरोखरच दिसली नव्हती. म्हणजे ती श्यामलाने दडवली होती. तिलाही फोन ठेवायचा नव्हता.

"सत्ती दिसतेय मना," तो म्हणाला. माईंशी तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता. "डाव सुटला का ही फोन ठेवते. म्हनून नाय सांगितली."

पलीकडे श्यामला नाक ओढत होती.

"फोनवर कसले पत्ते खेळता," माई शेवटी म्हणाल्या. "दोन्ही कॅट घेऊन इकडे यायला सांग त्याला. मला पानं बघायची आहेत."

ज्या बोलावण्यासाठी छत्तीस वर्षं ताठ बसला होता, ते आलं तेव्हा पोपट चटईवरची पानं गोळा करायला लागला. सकाळची गाडी की आत्ताच वडखळवरून एसटी, एवढं मनात येतंय तोच त्याच्या लक्षात आलं. जुनं घर विकून माई कुठल्या बिल्डिंगमध्ये गेल्या, हे त्याने मानापायी कधी विचारलंच नव्हतं. बायको दीड वर्षं जिथे राहते, ते घर त्याला माहीत नव्हतं. लाज वाटली, पण विचारावं तर लागणारच होतं.

"श्यामल," तो म्हणाला, "घर कुठशी हाय गो? मना स्टँडच्या पुढं कायच ठाव नाय."

वाट माईंनीच सांगितली, प्रत्येक वळणाशी थांबून, त्याला लिहून घेता यावं म्हणून.